भुऱ्याची नाव

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हा, तरवाडीला सकवार नावाची कोळीण नाव चालवायची. नवरा गेला त्या वर्षी तिनं वल्हं हातात घेतलं, ते खाली ठेवलंच नाही. तिच्या वल्ह्यापुढे पूरसुद्धा दबून वाहायचा, असं म्हणतात. आणि तिच्या जिभेपुढे गाव.

त्या काळी गावात एक वाईट रीत होती. राखणीचं कुत्रं म्हातारं झालं, डोळ्यांनी अधू झालं, की त्याला नावेत घालून पलीकडच्या रानात सोडून यायचे. सोबत एक भाकरी टाकायची, म्हणजे पाप लागत नाही अशी समजूत. भाकरी संपल्यावर त्याचं काय झालं, हे बघायला कुणी गेलं नाही.

एके दिवशी मानाजी पाटलांच्या गड्यानं भुऱ्याला आणून नावेत बसवलं. भुऱ्यानं पाटलांचं खळं उभा जन्म राखलं होतं. आता त्याचे दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे झाले होते. नाव नदीच्या मध्यावर आली तेव्हा तो चाचपडत सकवारपाशी गेला आणि तिच्या पावलावर हनुवटी टेकून स्वस्थ झोपला. तिनं तिथूनच नाव वळवली.

"अगं, कुठं निघालीस?" गडी म्हणाला.

"घरी. कुत्रं माझ्यापाशी ऱ्हाईल."

पाटलांना तो आपला अपमान वाटला. ते घाटावर आले आणि चारचौघांत म्हणाले, "आंधळं जनावर नावेत पाळलं की नाव बुडते. कुत्रं उतरव, नाहीतर गावातलं कुणी तुझ्या नावेत पाय ठेवणार नाही."

"नका ठेवू," सकवार म्हणाली. "नदी काय मी उचलून नेत न्हाई."

गावानं तिचं बलुत्याचं धान्य बंद केलं. लोक वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून त्या तराफ्यावरून नदी ओलांडू लागले. सकवार मनातून घाबरली होती, कारण नाव हेच तिचं पोट होतं. पण रोज सकाळी ती रिकामी नाव पाण्यात ढकलायची, भुऱ्याला पुढच्या टोकाला बसवायची आणि सगळ्यांच्या देखत एक फेरी मारून यायची. येताना जाळ्यात सापडेल त्यातली निम्मी मासळी तिची, निम्मी त्याची.

मग भाद्रपदात, बाजाराच्या दिवशी पाटील सांगडीवरून निघाले. वर कुठंतरी पाऊस कोसळला होता. लोंढा आला, सांगड फुटली आणि पाटील वाहत जाऊन नदीतल्या एका खडकाला अडकले. त्यातच असं धुकं उतरलं, की स्वतःचा हात दिसेना. पाटलांच्या हाका दोन्ही दरडींवर आपटून चहूकडून ऐकू येत होत्या. काठावर सगळं गाव जमलं होतं, पण पाण्यात उतरायला कुणी धजेना. सकवारनं नाव ढकलली.

मध्यावर तिलाही दिशा कळेना. तेवढ्यात भुऱ्या उठला. ज्या माणसानं त्याला रानात सोडायला धाडलं होतं, त्याचा आवाज ऐकून ते वेडं शेपटी हलवू लागलं. त्याचं नाक वळेल तिकडं सकवारनं नाव वळवली. पाण्यानं दुभंगून वाट दिली, असं म्हणतात.

पाटील नावेत आले, जरा दम खाल्ला आणि म्हणाले, "कामाचं आहे की अजून. घरी नेतो मी त्याला परत."

सकवारनं वल्हं पाण्याबाहेर काढलं. नाव भोवऱ्यात गरगर फिरायला लागली.

"हे काय करतेस?" पाटील ओरडले.

"त्यो कामाचा न्हाई, पाटील. उद्या पुन्हा त्याचा काही उपयोग व्हायचा न्हाई, तेव्हा तुम्ही पुन्हा भाकरी बांधाल. माझ्यापाशी त्यो बिनकामाचाच ऱ्हाणार. कबूल असंल तर सांगा, नसंल तर खडक मागंच हाय."

भुऱ्या पाटलांचे ओले पाय चाटत होता. पाटलांना मान वर करवेना. "कबूल," ते म्हणाले. काठावर उतरताना त्यांनी भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. सकवारनं तेवढं चालवून घेतलं.

पुढं भुऱ्या किती जगला, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. सकवार होती तोवर तो होता, असं म्हणतात.

आता तिथं पूल आहे. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आसपासच्या गावांतले लोक आपली म्हातारी, आंधळी कुत्री घेऊन तरवाडीच्या घाटावर येतात. तरवाडीची माणसं त्या कुत्र्यांना आपल्या घरी नेतात. नेताना नाव विचारायचं, कशाला भितो ते विचारायचं, खातो काय ते विचारायचं. कामाचं विचारायचं नाही. मागं एका पाहुण्यानं हसत हसत विचारलं होतं, "हे आंधळं नेऊन करायचं काय?" तेव्हा मानाजी पाटलांच्या पणतूनं कडेवरचं कुत्रं सावरत त्याला शांतपणे सांगितलं, "काही नाही. सांभाळायचं."