बारावा टोला

"एकदा चुकलो म्हणून सांगितलं, तर बाकीच्या निकालांचं काय, बुवा? अकरा वर्षांचे निकाल आहेत. त्यांच्यावर पुढं कोण भरवसा ठेवील?"

केशरगिरी बुवा पाण्याकडं बघत होते.

टेकडीवरच्या मठात, घंटेच्या ओट्यावर, पाण्यानं भरलेलं मोठं घंगाळ होतं. त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगायची. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. सूर्य उगवल्यापासून जितक्या घटका, तितके टोले. खालचं देवसरी गाव त्या टोल्यांवर जेवायचं, कामाला लागायचं, आणि पाटाचं पाणीही त्याच टोल्यांवर एका शेतातून दुसऱ्या शेतात जायचं.

विचारणारे होते बाळाजीपंत खासनीस, संस्थानचे न्यायाधीश. लहानपणी याच ओट्यावर बसून बुवांकडं पंचांग शिकलेले. माणूस हुशार, पण हुशारीचा तोराही तेवढाच. अकरा वर्षांत आपला एकही निकाल फिरला नाही, हे ते चारचौघांत दोनदा तरी सांगत. येत्या दसऱ्याला दरबारात त्यांना मुख्य न्यायाधीशाचा शेला मिळणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक का नसेल, पंतांनीच सांगितलं होतं.

"काय झालं ते नीट सांगा," बुवा म्हणाले.

पंतांनी सांगितलं. यंदा वैशाख वद्य पंचमीला, दिवेलागणीच्या सुमारास, वाल्हेरीच्या पाटलाची कडब्याची गंजी जळाली. संशय चुना भाजणाऱ्या रायाजी लोणाऱ्यावर आला, कारण आठवड्यापूर्वीच त्याचं पाटलाशी भांडण झालं होतं. रायाजी एकच सांगत राहिला. त्या संध्याकाळी मी दहा कोस लांब होतो, चुन्याची गाढवं घेऊन देवसरीच्या वेशीवर, तिथल्या वहीत माझं नाव असेल. पंतांनी वही मागवली. कारकुनावर न सोडता स्वतः उघडली, वैशाख वद्य पंचमीचं पान काढलं. नाव नव्हतं. चार वर्षांची कैद.

"खोटारडा म्हणालो मी त्याला. भर कचेरीत."

आणि परवा दुसऱ्याच कामासाठी तीच वही उघडली, तर तीस पानं पुढं आणखी एक वैशाख वद्य पंचमी. त्या पानावर रायाजी होता. चार गाढवं, चुना, दिवेलागण. यंदा वैशाख दोन, आधी अधिक आणि मग निज. गंजी जळाली निज वैशाखात, आणि पंतांनी पाहिलं होतं अधिक वैशाखाचं पान.

बुवांच्या मिशीत हसू आलं.

"धोंड्याच्या महिन्यात लोक जावयाला बोलावतात, पंत. तुम्ही आरोपीला बोलावलंत. पंचांग कुणाकडं शिकलात म्हणून सांगता लोकांना?"

पंत कानापर्यंत लाल झाले. आयुष्यात त्यांची अशी थट्टा करायची छाती फक्त या म्हाताऱ्याला होती.

"हे कुणाला ठाऊक आहे?" बुवांनी विचारलं.

"कुणालाच नाही. मला... आणि आता तुम्हाला."

"रायाजी कुठं आहे?"

"तुरुंगात. तीन महिने झाले."

"मग त्यालाही ठाऊक आहे."

पंतांनी मनात जुळवून आणलेला बेत सांगितला. दसरा होऊन जाऊ द्यायचा. शेला एकदा खांद्यावर आला की दरबारात शब्द टाकायचा आणि रायाजीला माफी मिळवून द्यायची. माणूस सुटेल, बोभाटा होणार नाही, न्यायासनाची अब्रूही राहील.

"माफी कशाची?"

वाटीनं एक बुडबुडा सोडला आणि ती तळाला गेली. बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले, मोगरी घेतली आणि टोले दिले. पंतांनी लहानपणच्या सवयीनं मोजले. वर येताना पायऱ्यांवर त्यांनी दहा ऐकले होते. आता बारा पडले.

"बुवा, अकरा हवे होते."

"बारा झाले खरे."

वयामुळं हात चुकला की बुवांनी मुद्दाम चुकवला, यावरून मठातली माणसं अजून भांडतात. मी त्यात पडत नाही.

बुवांनी वाटी पुन्हा पाण्यावर सोडली, मठातल्या एकाला तिथं बसवलं, काठी घेतली, कोनाड्यातली हातघंटा घेतली आणि पायात वहाणा सरकवल्या. कुठं निघालात म्हणून पंतांनी विचारलं. टोला चुकला की ज्यानं दिला त्यानंच बाजारात जाऊन तो मागं घ्यायचा, अशी बुवांनी स्वतःला घालून घेतलेली शिस्त होती. पंतांना ते ऐकून माहीत होतं, पण दोनशे दहा पायऱ्या आणि म्हाताऱ्याचे गुडघे बघून त्यांना राहवेना. कुणी मोजलेत टोले, म्हणाले. पुढच्या घटकेला बारा पडायचेच आहेत, आपोआप जुळेल सगळं.

"बाराव्याला धुळाजी माळ्याचं पाणी तुटतं," बुवा म्हणाले. "त्याचं कसं जुळेल?"

उतरायला अर्धी घटका गेली. पंत कोपराला धरून उतरवत होते आणि तोंडानं पुटपुटत होते. बाजार भरलेला होता. बुवांनी भर चौकात हातघंटा वाजवली आणि भाजीचा भाव सांगावा तशा साध्या आवाजात म्हणाले, "मघाशी बारा पडले. घटका अकरावी होती. चूक केशरगिरीची."

पंतांनी मान खाली घातली. आता लोक हसणार, असं त्यांना वाटलं.

कुणी हसलं नाही. गूळ विकणारी बाई "बरं, बुवा" म्हणाली आणि गिऱ्हाईकाकडं वळली. पाटाचं पाणी वळवणारा पाटकरी तिथंच तंबाखू मळत उभा होता, तो कपाळाला हात लावून फावडं घेऊन पळाला. थोड्याच वेळात पाणी पुन्हा धुळाजीच्या वाफ्यात शिरलं, बुडालेल्या वेळेसकट.

पंतांनी शेजारच्या म्हाताऱ्या तांबटाला विचारलं, असं नेहमी होतं का. वर्षातनं दोनतीनदा होतं, असं तो हातातलं भांडं न सोडता म्हणाला.

"आणि तरीही तुम्ही या टोल्यांवर चालता?"

तांबटानं हातोडी खाली ठेवली.

"यांच्या आधीचे बुवा चाळीस वर्षांत एकदाही खाली उतरले नाहीत, साहेब. तेव्हा या गावात प्रत्येकानं घरात आपापली वाटी ठेवली होती. मीच बनवून द्यायचो. यांच्या काळात एक खपली नाही."

पंतांनी वळून पाहिलं. बुवा एव्हाना पायऱ्या चढायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. रायाजीला बेड्यांसकट का आणलंय, ते कुणालाच कळेना. त्याची बायको सगुणा दाराशी उभी होती. आणखी काय वाढून ठेवलंय या भीतीनं तिचा चेहरा पांढरा पडला होता.

पंत उभे राहिले. न्यायाधीश उभा राहिलेला त्या कचेरीनं कधी पाहिला नव्हता. त्यांनी वेशीवरची वही उघडली, दोन्ही पानं मोठ्यानं वाचली, आणि मग वही सगळ्यांसमोर धरली.

"पान मी चुकीचं काढलं. दुसऱ्या कुणाची यात चूक नाही. रायाजी खरं बोलत होता. त्याला खोटारडा म्हणालो तो शब्द मी मागं घेतो, जिथं म्हणालो तिथंच. माझा निकाल रद्द. आणि याला माफी दिलेली नाही, हेही लिहून घ्या. त्यानं गुन्हाच केलेला नव्हता."

कारकुनाचा टाक हवेतच थांबला.

रायाजीला काही क्षण समजलंच नाही. मग त्यानं विचारलं, "साहेब, गाढवं चार लिहिलीत ना?"

"चार."

"मग झालं."

बेड्या निघाल्या. सगुणा दारातनं धावत आत आली, तिला कुणी अडवलं नाही, आणि कचेरीत असा गलका उठला की बाजारातली माणसं दुकानं उघडी टाकून धावली. लोणाऱ्यांनी रायाजीला खांद्यावर घेतलं. कुणीतरी हलगी आणली. मिरवणूक वेशीतूनच काढायची, असा रायाजीनं हट्ट धरला, आणि वेशीवरच्या कारकुनानं त्याचं नाव त्या दिवसाच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं. पंत खिडकीत उभे राहून बघत होते. डोळे भरून आले होते, पण अकरा वर्षांत त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

त्या आठवड्यात जुन्या खटल्यांतले दोघे आले आणि आमचंही पुन्हा बघा म्हणाले. पंतांनी दोघांचे कागद काढले. एकाला खरं काय ते समजावून परत पाठवलं, दुसऱ्याचं पुन्हा चौकशीला घेतलं. आणि वाल्हेरीचा पाटील, ज्याची गंजी जळाली तो, भावाशी चाललेलं बांधाचं भांडण घेऊन याच कचेरीत आला. निकाल पंतच देणार असतील तर भाऊही कबूल आहे, म्हणाला.

दसऱ्याचा शेला दुसऱ्याच्या खांद्यावर गेला.

ते पंतांनीच बुवांना सांगितलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, टेकडी चढून आल्या आल्या, धाप लागलेली असताना हसत हसत. समोरच्या माळावर रायाजीची चुन्याची भट्टी पुन्हा पेटली होती. तिचा धूर मठापर्यंत येत होता आणि बुवा खोकत होते, पण खूश होते.

वाटी बुडाली.

बुवा उठले नाहीत. त्यांनी मोगरी पंतांपुढं धरली.

पंत दचकले. "मी? सारं गाव ऐकतंय, बुवा. आणि चुकलो तर?"

"तर खाली जायची वाट आता तुम्हाला ठाऊक आहे."