छताला लागलेली राणी

डोंगरापलीकडच्या मुलखात एक होता राजा. राजाचं फार काही सांगण्यासारखं नाही बरं का. चांगला होता बिचारा, वेळेवर जेवायचा, वेळेवर दरबारात जायचा. आपली गोष्ट आहे ती त्याच्या राणीची. तिचं नाव सुरंगा.

सुरंगा राणी भारी घाबरट. अंगणात पान पडलं तरी दचकायची. मांजर शिंकलं तरी छातीवर हात ठेवून म्हणायची, "अगं बाई, काय झालं!" शिकलेली होती, पोथ्या वाचायची. पण पोथीत एखाद्या रोगाचं नाव आलं, की तो आपल्यालाच झालाय असं तिला वाटायचं. मग आरशात जीभ बघ, घसा बघ, आपलीच नाडी धरून बस.

मग या राणीला मुलगी झाली. कापसाच्या बोंडासारखी, एवढीशी. नाव ठेवलं इवली. इवली गुणी होती, पण तिची एक खोड होती. आईच्या खांद्यावर डोकं टेकल्याशिवाय तिला झोपच यायची नाही. दाईने थोपटलं, दासींनी गाणी म्हटली, राजाने स्वतः मुकुट काढून ठेवून जोजवलं. छे! आईचा खांदा म्हणजे आईचाच खांदा.

आणि नेमकी तेव्हाच राणी थकायला लागली. जिना चढली की धाप लागायची. इवलीला उचललं की हात थरथरायचे. राणीला वाटलं, माझ्या हातून पोर पडली तर?

राजवैद्य आले, त्रिंबकबुवा. त्यांनी नाडी पाहिली, पापणी ओढून डोळा पाहिला आणि म्हणाले, "बाळंतिणीचा थकवा आहे, राणीसाहेब. पोटभर जेवा, दुपारी जरा पडत जा, आणि सकाळी ही सुंठ-तुपाची गोळी घ्या. हळूहळू उतरेल."

"हळूहळू म्हणजे कधी?"

"हळूहळू म्हणजे हळूहळू," वैद्यबुवा म्हणाले, आणि पगडी सावरत गेले.

आता घाबरलेल्या माणसाला हळूहळू कसं परवडणार? तुम्हीच सांगा.

मग आल्या आत्याबाई. राजाच्या आत्या, राजवाड्यात त्यांचा दरारा मोठा. त्यांनी दार लोटलं, कडी घातली. "सूनबाई, सुंठीनं काय होतंय? सुंठ आमच्याकडे म्हशीला देतात!" असं म्हणत त्यांनी कमरेच्या बटव्यातून एक डबी काढली. आत लालभडक भस्म. "चिमूटभर मधात चाट. वाघाचं बळ येईल. पण कुणाला सांगायचं नाही हो. औषध सांगितलं की गुण जातो."

त्या राज्याची ही रीतच होती बरं का. कुणी कुणाला मुळी दिली, पाला दिला, तर मुठीत झाकून द्यायचा. घेणाऱ्याने गिळायचा आणि तोंड मिटून बसायचं. नाव घेतलं की गुण गेला! लहानथोर सगळे असंच मानायचे.

राणीने भस्म चाटलं. आणि काय सांगू, जिना चढली ती पळतच! खूश झाली. पण मग हात तापायला लागले. पेला धरला तर पेल्यातलं दूध उतू गेलं. तळहातावर पापड ठेवला तर तो भाजून निघाला. आणि इवलीने खांद्यावर गाल टेकला मात्र, तिला बसला चटका! केवढी रडली पोर.

राणी घाबरली. तेवढ्यात दारात एक बैरागी आला. राणीने शिधा वाढता वाढता हळूच विचारलं, "बाबा, अंग गार करायचं काही आहे का हो?"

बैराग्याने झोळीत हात घातला. निळसर मुळी काढली. "डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्यात उगवते ही. चघळ, माई. गारेगार होशील. पण बोलायचं नाही कुणाला. बोललीस की गुण उडाला."

राणीने मुळी चघळली. अहाहा, काय गारवा! पण थोड्या वेळाने तानी दासी म्हणाली, "राणीसाहेब, तुमचे पैंजण का वाजेनात?" राणीने खाली बघितलं. तिचे पाय जमिनीला टेकतच नव्हते! बोटभर वर, अधांतरी. राणीने तानीकडून पाट्यावरचा वरवंटा मागवला आणि पदरात बांधला. तेव्हा कुठे पाय खाली आले. पण पदरात वरवंटा असताना पोर कशी घ्यायची? इवली हात पसरायची, आणि राणी लांबूनच म्हणायची, "थांब हं सोन्या, आई आत्ता बरी होते."

मग आला सौदागर, सातासमुद्रापलीकडचा. मखमलीची पेटी उघडली. आत रंगीबेरंगी मोती. "एकेका मोत्यात शंभर फळांचा कस, राणीसाहेब! आणि वजनही शंभर फळांचं. वाऱ्याने हलणार नाही माणूस. मात्र एक आहे..."

"कुणाला सांगायचं नाही," राणी म्हणाली.

"आपल्याला कसं कळलं?" सौदागर चकित झाला. मुलूख वेगळा, पण वाक्य तेच!

राणीने मूठभर मोती गिळले. पाय जमिनीत घट्ट रोवले गेले. वरवंटा सोडायला तिने पदराला हात घातला, एवढ्यात पोटातून आवाज आला.

"सरक तिकडे! ही जागा माझी. मी आत्याबाईंच्या बटव्यातलं आहे." हा भस्माचा आवाज.

"तूच सरक. तुझ्या धगीनं माझा वारा फुगतोय." ही मुळी.

"आम्ही एवढ्या लांबून आलो, आणि पाहुण्यांना बसायला पाटसुद्धा नाही?" हे मोती. एकदम सगळेच बोलत होते ते, बाजारात बोलतात तसे.

आणि अगदी कोपऱ्यातून एक बारीक आवाज, "अहो, मला जरा माझं काम करू द्या हो..." ती कोण? सुंठ!

भांडण पेटलं. भस्म तापलं, तसा मुळीतला वारा तापला. भात शिजताना वाफेने झाकण कसं थडथडतं, वर उडतं, पाहिलंय ना? तसं झालं. मोती भांडणात इतके गुंतले, की जड राहायचंच विसरले. पदराची गाठ सुटली. वरवंटा पडला धाडकन. आणि राणी निघाली वर! झुंबराच्या वर, तुळईच्या वर, थेट छताला जाऊन लागली.

खाली एकच गोंधळ. राजा म्हणाला, "शिडी आणा!" शिडी आणली, ती पुरेना. इवलीची दुपारची झोपेची वेळ झालेली. ती दाईच्या कडेवरून वर हात करत होती, जणू म्हणत होती, "आई, घे! आई, घे!"

छताशेजारी होता झरोका, उघडा. बाहेरून वारा येत होता. राणीला तो हळूहळू तिकडे ओढत होता. एकदा का झरोक्यातून बाहेर गेली, की मग ती ढगांचीच. इवलीची नाही.

त्रिंबकबुवा धावत आले. वर बघत ओरडले, "राणीसाहेब, काय काय घेतलंत?"

राणीने खाली पाहिलं. आत्याबाई डोळे वटारून ओठांवर बोट ठेवून उभ्या. राणीने पटकन नजर वळवली. "तुमची सुंठ," ती म्हणाली. "तेवढीच."

"सुंठीनं माणूस उडत नाही!" बुवा पुटपुटले. पण राणी खोटं कशाला सांगेल? त्यांना वाटलं, वाताचा विकार असेल. त्यांनी ओव्याचा काढा केला, वेळूच्या काठीला पळी बांधून वर पोचवला. राणी प्यायली. आणि पोटात ओरडा झाला, "अरे, आणखी एक आला! ढकला त्याला!" त्या ढकलाढकलीत राणी सरकली ती पायांकडून झरोक्यातून अर्धी बाहेर! खांद्यावरचा शेला तेवढा खाली लोंबत होता. तानी शिडीच्या टोकावर चढून त्याला लटकली. शेला टरकायला लागला. टर्र... टर्र...

राणीला तर रडूच फुटलं. सांगावं तर गुण जाईल. बळ जाईल. पुन्हा हात थरथरतील. आत्याबाई जन्मभर टोमणे मारतील. वैद्यबुवा रागावतील ते वेगळंच. आणि सांगू नये तर?

तिने मान वळवून खाली पाहिलं. इवलीचा आवाज रडून रडून बसला होता. ओठ हलत होते नुसते. हात मात्र अजून वर होते.

राणीने डोळे गच्च मिटले आणि ओरडली, "सांगते! सगळं सांगते! आत्याबाईंनी मला लाल भस्म दिलं!"

झालं! तिच्या तोंडातून एक ठिणगी उडाली, खालच्या पाण्याच्या घंगाळात पडली. चुर्रर्र! राणी झरोक्यातून आत आली.

"सांगितलंस!" आत्याबाई कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या. "अगं, गुण गेला ना त्याचा!"

"जाऊ दे की, आत्याबाई," त्रिंबकबुवा म्हणाले. "त्या गुणानंच राणीसाहेब छताला लागल्या."

"मग बैराग्याची मुळी चघळली!" राणी म्हणाली. आणि तिला आली एक ढेकर. हसू नका, राणीलासुद्धा ढेकर येते. केवढी मोठी! पडदे फडफडले, राजाचा मुकुट वाकडा झाला. त्या ढेकरेसरशी राणी झुंबरापर्यंत खाली आली.

"आणि सौदागराचे मोती, मूठभर!" टणटण टणटण, मोती तोंडातून उड्या मारत बाहेर आले आणि फरशीवर घरंगळत गेले. राणी अलगद उतरली. पाय टेकले. पैंजण वाजले, छुम!

"आणि माझी सुंठ?" वैद्यबुवांनी विचारलं.

राणी घाबरली. तिचं नाव घेतलं आणि तीही गेली तर? पण आता लपवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. डोळे मिटून म्हणाली, "सुंठ. रोज सकाळी. तुपातली."

सगळे वाट बघत राहिले. काहीच बाहेर पडेना. मग पोटातून तोच बारीक आवाज आला, "मी इथंच आहे. माझं नाव साऱ्या गावाला ठाऊक आहे, मला कशाचं लपायचं? आता जागा झाली, जरा कामाला लागते."

त्रिंबकबुवा मटकन खाली बसले. पगडी काढून घाम पुसला. "हुश्श!"

"तुम्ही रागावला नाहीत?" राणीने विचारलं.

"रागावू कशाला? डोळे बांधून औषध द्यायला लावलंत मला, एवढंच. आता आणखी काही असेल तर आत्ताच सांगून टाका."

राणी लाजली. "उशीखाली एक लिंबू आहे. तानीच्या आजीनं दिलेलं."

"असू दे. उशीखालचं लिंबू पोटात भांडत नाही."

सगळे हसले. तानी तर शिडीवरच हसत बसली. आत्याबाईंनाही शेवटी हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "मेलं ते भस्म. मी आपलं तुझं भलं व्हावं म्हणून दिलं गं."

"ठाऊक आहे, आत्याबाई," राणी म्हणाली, आणि त्यांच्या पाया पडली.

पण हात? हात थरथरतच होते बरं का. वाघाचं बळ गेलेलं ना! राणी इवलीकडे बघत उभी राहिली. उचलू कशी? मग वैद्यबुवांनी नुसतं पलंगाकडे बोट दाखवलं. राणी आडवी झाली. तानीने इवलीला तिच्याजवळ ठेवलं. आडव्या आईच्या हातून पोर पडणार कुठे? इवलीने खांदा चाचपला. गरम नाही, गार नाही. आईच्या अंगाची आपली नेहमीची ऊब. तिने गाल टेकला, एक मोठा उसासा टाकला, आणि झोपली. तिच्यामागोमाग राणीही झोपली, तोंड उघडं टाकून, घोरत. राजाने स्वतः झरोका लावून घेतला, आणि पावलं न वाजवता दरबारात गेला.

मग राणी पोटभर जेवली, दुपारी पडत गेली, आणि तिला बळ आलं. कधी आलं? हळूहळू आलं. त्या राज्यात पुढे कुणीही औषध दिलं, तर आधी त्याचं नाव मोठ्यानं सांगायचं आणि मगच मूठ उघडायची, असं ठरलं. आत्याबाईसुद्धा सांगायच्या, जरा हळू आवाजात का होईना. राणी अजून पान पडलं की दचकायची, पण दचकून झाल्यावर हसायची. राजा, राणी आणि इवली, सगळी सुखात राहिली.

संपली गोष्ट. अगं मुक्ता, पाय पांघरुणात घे. आणि तू रे, डोळे मिटल्याचं सोंग पुरे, खरंच मीट बघू. इवली केव्हाची झोपलीय. झोपा आता.