चाळीस की सहा

कारखान्यांतून निघणारा कर्बवायू जमिनीखालच्या खडकात किती साठवता येईल, याचा देशभराचा अंदाज काढायचा होता. प्रत्येक विभागाने आपापल्या पद्धतीने मोजून आकडा पाठवला. पश्चिमेच्या तुळपुळ्यांनी खडकातलं प्रत्येक छिद्र जमेला धरून चाळीस अब्ज टन कळवले. पूर्वेच्या सबनिसांनी फक्त वापरण्याजोगी जागा मोजून पाच कळवले.

आकडे एका मापात आणायचं काम मृण्मयी खांबेटेकडे आलं. तिने फक्त वापरण्याजोगी जागा धरून तुळपुळ्यांचे चाळीस सहावर आणले.

भर बैठकीत तुळपुळे कडाडले, "खडक होता तिथेच आहे. मग माझे चौतीस गेले कुठे? माझा आकडा जसाच्या तसा हवा."

सबनिसांना मोठी केबिन मिळाली तेव्हा हेच तुळपुळे आठवडाभर रजेवर गेले होते. मृण्मयीला ते चांगलं आठवत होतं.

"ठेवते सर," ती शांतपणे म्हणाली. "पण माप सगळ्यांना एकच लावायचं असं ठरलंय. सबनीस सरांचा खडक अफाट आहे, बराचसा निकामी आहे इतकंच. तुमच्या पद्धतीने त्यांचे नव्वद होतात. माझ्या पद्धतीने तुमचे सहा, त्यांचे पाच. कोणता तक्ता पाठवू?"

सबनीस चहाचा कप खाली ठेवून सरसावून बसले.

तुळपुळ्यांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, घाईघाईने पेन काढलं आणि सहावर सही ठोकली.

"आकडे फुगवलेले मला मुळीच खपत नाहीत," ते म्हणाले, "हे मी पहिल्यापासून सांगतोय."