आठ होकार

पळसवणी संस्थानात रिवाज असा, की मसलतीत आधी महाराजांनी मत द्यायचं आणि मग आठही मानकऱ्यांनी पाळीपाळीने माना डोलवायच्या. त्यामुळे कामं फार लवकर उरकत. शिकारीच्या तयारीसाठी भर पुरात माणसांची नाव पुढे सोडायचंही असंच चटकन ठरलं. नाव बुडाली. नावाडी तेवढा वाचला. कारभारी विसाजीपंतांचा एकुलता एक मुलगा गेला.

सुतक फिटल्यावर दरबार भरला. "दोष नावाड्याचा. त्याला सुळावर चढवा," महाराज म्हणाले. सात माना डोलल्या. आठवे पंत.

"नावाडी नको म्हणत होता, महाराज."

"पण तुम्ही आठ शहाणे हो म्हणालात. आठही चुकलात?"

"दरीत एक हाक मारली तर आठदा ऐकू येते, म्हणून काही दरीत आठ माणसं नसतात. त्या दिवशी इथे माणूस एकच बोलला, तो नावाडी. आठवा होकार माझा होता, सुळावर मला चढवा."

महाराजांची नजर खाली गेली. "सोडा त्या नावाड्याला," ते हलकेच म्हणाले. "पंत, आता काय करावं? आधी तुम्ही सांगा."

पंतांनी पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले.

"हे पूर ओसरायच्या आधी विचारायचं होतंत, महाराज."