पोचा आलेलं झाकण

एका तालुक्याच्या गावात एक बँक होती. तिथे यायची वेळ होती, जायची नव्हती. साहेब उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, अशी रीत. खांबेटे कारकुनांची धाकटी लेक त्यांना फक्त रविवारी ओळखायची.

शेवटी शिपायापासून कारकुनांपर्यंत बँकेतल्या सातही जणांनी संघटना काढली. ‘सुटीची वेळ ठरवा’ असा अर्ज लिहिला. पण पहिली सही कोण करणार? पहिलं नाव ज्याचं, त्याची नोकरी गेलीच!

“उपळेकर, तुम्ही वडीलधारे. करा सुरुवात.”

“छे हो, खांबेट्यांचं अक्षर मोत्यासारखं!”

आठवडा असाच गेला. खांबेटे तर सगळ्यांत भित्रे. भीतीपोटीच त्यांना युक्ती सुचली. डब्याचं झाकण कागदावर ठेवून त्यांनी गोल काढला. “गोलावर सह्या करा. म्हणजे पहिला कोणी नाही.”

साहेबांनी अर्ज फिरवून फिरवून पाहिला. त्यांनाच गरगरायला लागलं. मग त्यांना दिसलं, गोल एका बाजूला चेपलेला आहे.

“अस्सं! पोचा आलेलं झाकण ज्याचं, तोच पुढारी. त्याला उद्यापासून घरी बसवतो. धोंडू, सगळ्यांचे डबे आण!”

धोंडू शिपाई आत गेला. खांबेट्यांच्या मनात आलं, धोंडूने आपलं झाकण लपवलं आणि आळ त्याच्यावर किंवा उपळेकरांवर आला तर? ते पुढे झाले. “साहेब, झाकण माझं आहे.”

तेवढ्यात आतून आवाज आला. ठण! ठण! ठण!

धोंडू डबे घेऊन आला. प्रत्येक झाकणाला पोचा होता, खांबेट्यांच्या तर दोन.

“हे काय? आणि हा आठवा कुणाचा?”

“तुमचाच, साहेब. तुम्ही सगळ्यांचे म्हणालात.”

साहेबांनी गोलावर एकेक झाकण ठेवून पाहिलं. नेमकं त्यांचंच चपखल बसलं. उपळेकर हळूच म्हणाले, “पुढारी सापडला म्हणायचा!”

साहेब आधी लाल झाले, मग खो-खो हसले. आठही जणांना काढलं तर बँक उघडणार कोण? त्यांनी गोलाच्या मधोमध लिहिलं, ‘साडेपाच’.

त्या दिवशी खांबेटे दिवसाउजेडीच घरी पोचले. बायको घाबरून दारात आली. “अहो, बँक बुडाली का?”

तात्पर्य: भीती सगळ्यांनाच वाटते, पण ती सगळ्यांनी मिळून वाटून घेतली, की एकेकाच्या वाट्याला अगदी थोडी येते.