चिंचखडकची वस्तऱ्यांची शिळा

चिंचखडकच्या वेशीत, चिंचेच्या सावलीत, गुडघाभर उंचीचा एक काळा दगड आहे. त्याच्या माथ्यावर वस्तरे उभे राहतील अशा खाचा कोरल्या आहेत. गावचा न्हावी अजून तिथेच बसतो, पण वस्तऱ्याला आपणहून हात लावत नाही. दाढीला बसणाऱ्याने तो खाचेतून उपसायचा आणि न्हाव्याच्या हातात द्यायचा. पाहुण्यांना याचे हसू येते. येऊ द्या. दगड का घडवला ते कळले की ओसरते.

असे सांगतात, की फार पूर्वी इथल्या गढीवर हैबतराव नावाचा सरदार होता. चुलतभाऊ निंबाजीशी त्याचे हाडवैर. एकदा त्याने समेटाचे बोलावणे धाडले. निंबाजी विश्वासाने आला आणि जेवणाआधी दाढीला बसला. गेणू न्हाव्याला हैबतरावाने आधीच बजावले होते, की याचा गळा चिरला नाहीस तर तुझा धाकटा भाऊ सटवाजी बायकोसकट घरात जळेल. गेणूने धोकटीत लपवलेला दुसरा वस्तरा काढला आणि निंबाजीचा गळा चिरला. रक्त ओसरीच्या पायऱ्या उतरून अंगणात गेले म्हणे. केसाने गळा कापणारे जगात पुष्कळ. हैबतरावाला तेवढाही धीर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्याच मनात पाल चुकचुकली. एक गळा चिरणारा दुसरा का चिरणार नाही? त्याने गेणूचे दोन्ही हात मनगटापासून तोडवले. गेणू सटवाजीच्या मांडीवर रक्त जाऊन मेला.

सटवाजीला जगणे नकोसे झाले. आपल्या एका जिवापायी दोन माणसे गेली, हे त्याच्या घशाखाली उतरेना. तोही न्हावीच, पण गाव त्याच्यापुढे मान द्यायला धजेना. जो तो त्याच्या धोकटीकडे बघे. शेवटी त्याने धोकटी जाळली. ओढ्यातून दगड ओढून आणले, पाथरवटाची छिन्नी मागून घेतली. वस्तऱ्याला सरावलेल्या हाताला हातोडा झेपेना. बोटे फुटली, एका दगडाची कड उडाली, दुसरा दुभंगला. पुढच्यात खाचा नीट उतरल्या. सगळे वस्तरे त्यात रोवून तो वेशीत बसला आणि म्हणाला, "हितं काय लपत न्हाई. ज्याची मान, त्यानंच वस्तरा द्यायचा. दिल्याबिगर मी शिवनार न्हाई." हळूहळू माणसे बसू लागली.

पुढे हैबतरावाची आई वारली. क्षौर केल्यावाचून पिंड देता येईना, आणि पंचक्रोशीतला एकही न्हावी गढीची पायरी चढेना. हात कोणाला नको असतात? नाइलाजाने तो हत्यारबंद माणसे घेऊन वेशीत आला. स्वतः वस्तरा उपसला आणि सटवाजीच्या हातात दिला.

सटवाजीने डोके भादरले, मिशा उतरवल्या. वस्तरा गळ्याशी आला आणि थांबला. भावाचे तुटके हात त्याला दिसत होते, सूड घ्यावा असे त्याला मनापासून वाटत होते. सगळे गाव बघत होते.

"माझा भाऊ हितंच चुकला, मालक," तो हळूच म्हणाला. "म्या चुकनार न्हाई." आणि ओरखडाही न उमटवता त्याने काम पुरे केले.

आपला जीव एका न्हाव्याने आपल्याला परत दिला, तोही चारचौघांत, हे हैबतरावाला सोसले नाही. उठल्या उठल्या त्याने शेजारच्याची तलवार ओढली आणि सटवाजीला त्या दगडावरच तोडले. खाचा रक्ताने भरल्या. सटवाजीची बायको हौसा हिने त्याच्या मुठीतला वस्तरा सोडवला, धुतला आणि खाचेत उभा केला. मग पंचक्रोशीतले न्हावी जमले आणि दगडावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली.

आजही गढीच्या घरात कोणी वारले की मुलगा या दगडापाशी येतो. वस्तरा उपसून पुढे करतो. न्हावी हात पाठीमागे बांधून उभा राहतो. मग तो आपल्याच हाताने आपले डोके भादरतो आणि तसाच, कानांवरून रक्त ओघळत, आईबापाचा पिंड द्यायला नदीवर जातो.