माळरानाची चिठ्ठी

गार वाऱ्याच्या डेन्मार्क देशात, तुमच्या पणजोबांच्याही पणजोबांच्या काळी, बोदिल नावाची एक चिमुरडी राहायची. तिच्या बाबांचं शेत म्हणजे नुसती गंमत! बावीस चिंचोळ्या पट्ट्या, त्याही गावभर विखुरलेल्या. बाबांचा अर्धा दिवस चालण्यातच जायचा, आणि बोदिलच्या ताटात पडायचा काळ्या पावाचा एवढुसा तुकडा.

एकदा राजाचा हुकूम आला. पट्ट्या मोडा, चिठ्ठ्या टाका, प्रत्येकाला एकेक सलग शेत द्या. अगदी स्वतःच्या मालकीचं! गाव हरखलं. पण एका चिठ्ठीत होतं माळरान. तिथे गवतसुद्धा उगवायला कुरकुरायचं. तो माळ ज्याला मिळेल, त्यानं खायचं काय?

चिठ्ठ्यांच्या दिवशी सकाळीच बोदिल माळावर गेली. जांभळ्या फुलांवर दव चमचमत होतं, आणि काट्यात अडकली होती एक इवलीशी परी. बोट रक्ताळलं तरी बोदिलनं तिचे चंदेरी पंख हलकेच सोडवले.

"एक इच्छा माग, बाळ," परी म्हणाली. "पण दव सुकायच्या आत. आणि त्यामुळे कुणाचं काही हिरावलं जाता कामा नये."

"ओढ्याकाठचं शेत बाबांना मिळू दे!"

"मग ते दुसऱ्या कुणाला मिळणार नाही गं."

"बरं, निदान हा माळ तरी आम्हाला नको."

"मग तो दुसऱ्याच्या गळ्यात पडेल."

बोदिलला शेजारच्या मारेनकाकू आठवल्या. एकट्या बाई, पदरात तीन पोरं. त्यांना माळ आला तर? आता दवाचा एकच थेंब उरला होता.

"ज्याला हा माळ येईल," ती घाईनं म्हणाली, "त्याला भरभरून पिकू दे. कुणीही असो!" आणि तिला रडूच आलं. आपल्यासाठी मागायचं राहूनच गेलं ना!

दुपारी बाबांनी चिठ्ठी उघडली. माळ!

"काय पेदर, आता दगड पेरणार का?" धनाढ्य मोगेन्स खो खो हसला. बाबांचा चेहरा पडला. बोदिल मात्र टाळ्या पिटत नाचू लागली. "बाबा, चला ना, नांगर घ्या!"

नांगर फिरला, तशी लोण्यासारखी मऊ, काळी माती वर आली. बघता बघता हिरवे कोंब फुटले, आणि उन्हाळा सरेपर्यंत सगळा माळ सोनेरी कणसांनी डोलू लागला. शेताजवळच राहता यावं म्हणून बाबांनी गावातलं जुनं घर उतरवलं, तुळई न् तुळई गाड्यांवर लादली आणि ते माळावर नव्यानं उभं केलं. मारेनकाकूंची पोरं गाडीवर बसून वाटभर आनंदानं ओरडत होती.

मग एक दिवस मोगेन्स आला, टोपी हातात धरून. "पेदर, चिठ्ठ्या बदलूया का रे?"

"शेत नाही मिळायचं हं, काका," बोदिल म्हणाली, "पण गरम पाव आहे. बसा ना!"

तेवढ्यात सगळ्यांत उंच कणसावरून कुणीतरी खुदकन हसलं. परीच ती! तिनं बोदिलला हात हलवला, तिचे पंख लखलखले, आणि ती उजेडात उजेड होऊन गेली.